ब्रसेल्सचा निधी आमच्या गावापर्यंत कुणाच्या हातून येतो?

मेयोवासी:

नमस्कार मंडळी. आम्ही आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या एका छोट्या गावात राहतो. येऊन नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी गावाच्या विकास मंडळाने मला चिटणीस केलं. मंडळ म्हणजे अकरा माणसं, महिन्याला एक बैठक आणि बँकेत सव्वाचार हजार युरो.

गावाच्या मधोमध कोर्टाची जुनी दगडी इमारत आहे. मालकी काउंटी कौन्सिलची. पंधरा वर्षं कुलूप आहे. छपरावरची स्लेट घसरतेय, आणि गेल्या हिवाळ्यात मागच्या भिंतीत पाणी शिरलं. मंडळाला तिथे वाचनालय, म्हाताऱ्यांसाठी बसायची जागा आणि दोन-तीन छोटी ऑफिसं करायची आहेत. परवाच्या बैठकीत एकजण म्हणाले, "युरोपचा पैसा आहे त्यासाठी, ब्रसेल्सला पत्र लिहा." पत्र लिहायचं काम अर्थात चिटणिसाकडे आलं.

दोन दिवस वेबसाइटी वाचतोय आणि डोकं गरगरतंय. असेंब्ली, मॅनेजिंग ऑथॉरिटी, कमिटी ऑफ द रीजन्स. यातलं पैसे कोण देतं आणि आमच्या वतीने बोलतं कोण? आमच्यासारख्या मंडळाने यात पडावं का? कुणी प्रत्यक्ष हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

हिशेबनीस ताई:

मी स्लायगोला असते. चौदा वर्षं एका संस्थेत युरोपियन प्रकल्पांचे क्लेम, म्हणजे केलेला खर्च परत मागायचे अर्ज, तयार करायचं काम केलं, त्यामुळे तुमची गरगर ओळखीची आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी पत्राचं. ब्रसेल्सला लिहू नका. उत्तर येईल, पण त्यात एवढंच असेल की तुमच्या प्रदेशाच्या मॅनेजिंग ऑथॉरिटीकडे, म्हणजे तिथे निधीचा कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेकडे, जा. प्रादेशिक विकास निधी, म्हणजे ईआरडीएफ, हा "सामायिक व्यवस्थापना"चा पैसा आहे. युरोपियन कमिशन, म्हणजे ब्रसेल्समधली युरोपियन युनियनची कार्यकारी यंत्रणा, देशाबरोबर सात वर्षांचा कार्यक्रम ठरवतं आणि मंजूर करतं. प्रकल्प निवडणं, पैसे देणं, बिलं तपासणं हे सगळं देशातल्या आणि प्रदेशातल्या यंत्रणा करतात. कमिशनचा कुणी अधिकारी तुमच्या कोर्टाचा अर्ज कधी वाचणार नाही.

तुमची मॅनेजिंग ऑथॉरिटी बॅलाहाडरीनला आहे, रॉसकॉमन काउंटीत. नाव नॉर्दर्न अँड वेस्टर्न रीजनल असेंब्ली. मेयोच्या माणसाला बॅलाहाडरीन परकं वाटू नये. १८९८ पर्यंत ते गाव मेयोतच होतं, आणि तिथला गेलिक फुटबॉलचा क्लब आजही मेयोकडूनच खेळतो. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा काचेची मोठी इमारत शोधत होते. गावाच्या चौकात साधं ऑफिस निघालं. आत गेल्यावर ज्या बाईंनी माझा क्लेम तीनदा परत पाठवला होता त्यांनीच मला कॉफी दिली, आणि चौथ्यांदा तो कसा लिहायचा ते शेजारी बसून दाखवलं.

ही असेंब्ली मुळात का आली ते समजलं की बाकीचं पटकन उलगडतं. नव्वदच्या दशकात आयर्लंड झपाट्याने श्रीमंत झाला. दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तरच सर्वात मोठी मदत मिळायची, आणि अख्खा देश एक प्रदेश धरला तर ती जाणार होती. म्हणून सरकारने देशाचे दोन प्रदेश करायचं ठरवलं, म्हणजे निदान पश्चिम आणि सीमेकडच्या गरीब भागाची मदत टिकेल. सरकारच्या यादीत १५ काउंट्या होत्या. युरोस्टॅटने, म्हणजे युरोपच्या सांख्यिकी कार्यालयाने, केरी आणि क्लेअर मान्य केल्या नाहीत, उरल्या १३. त्या १३ काउंट्यांसाठी १९९९ मध्ये एक असेंब्ली झाली, उरलेल्या देशासाठी दुसरी. लोकांनी मागणी केली म्हणून हे प्रादेशिक शासन आलेलं नाही. निधीच्या नकाशासाठी रेघ ओढली गेली आणि त्या रेघेवर ऑफिस बसलं. २०१५ पासून असेंब्ली तीन आहेत: आपली, वॉटरफर्डची सदर्न आणि डब्लिनची ईस्टर्न अँड मिडलंड. देशातली ३१ कौन्सिलं त्यांच्यात वाटलेली आहेत, नऊ आपल्याकडे. असेंब्लीचे सदस्य थेट निवडून येत नाहीत, प्रत्येक कौन्सिल आपले कौन्सिलर तिथे पाठवतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२०२१ ते २०२७ साठी ईआरडीएफचे दोनच प्रादेशिक कार्यक्रम आहेत. एक बॅलाहाडरीनहून चालतो. दुसरा उरलेल्या दोन्ही प्रदेशांचा मिळून, तो वॉटरफर्डहून. आपला भाग या वेळी "संक्रमण प्रदेश" ठरला, म्हणजे युरोपच्या सरासरीच्या ७५ ते १०० टक्क्यांच्या मधला. आधीच्या फेरीत आपण वरच्या गटात होतो, म्हणजे खाली घसरलो. त्यामुळे इथे युरोपचा वाटा ६० टक्के आहे, तिकडे ४०. घसरण्याचं बक्षीस म्हणून कुणी आनंद मानू नये. गॅलवेपासून वर डोनेगॉलपर्यंतच्या रेल्वेकडे बघितलं की हा वर्ग का मिळाला ते कळतं. स्लायगोच्या उत्तरेला रेल्वेच नाही.

आता तुमची इमारत. ईआरडीएफमधली "थ्राईव्ह" नावाची योजना नेमकी अशाच जागांसाठी आहे: गावाच्या मध्यातली, सार्वजनिक मालकीची, रिकामी किंवा मोडकळीला आलेली वारसा-इमारत. ती योजना असेंब्ली स्वतः चालवतात. पण अर्जदार काउंटी कौन्सिल असतं, मंडळ नव्हे. म्हणजे चिटणीस म्हणून तुम्हाला जे पत्र लिहायचंय ते कौन्सिलला. तुमच्या कौन्सिलचा हेरिटेज ऑफिसर शोधा, आणि अर्जांची फेरी पुढे उघडणार का आणि कधी ते त्यांच्याकडूनच कळेल. गाव त्या इमारतीचं काय करणार आहे, हा प्रश्न अर्जात येतोच, आणि त्याचं उत्तर कौन्सिलकडे नसतं. ते तुमच्याकडे आहे. इथे तुमच्या मंडळाचं वजन आहे.

मंडळाला स्वतःच्या नावावर पैसे हवे असतील तर लीडर. तो ग्रामविकासाचा निधी, येतो शेतीच्या बाजूने. असेंब्लीचा त्याच्याशी संबंध नाही. स्थानिक कृती गट अर्ज घेतात, २०२३ ते २०२७ साठी देशभर १८ कोटी युरो आहेत. आतलं फर्निचर, ऑफिसांची सोय, अभ्यास-अहवाल अशा गोष्टींसाठी तिथे विचारून बघा. ईआरडीएफ आणि लीडर यांचे नियम एकमेकांत मिसळू नका, आणि एकच खर्च दोन्हीकडे कधीच दाखवू नका.

प्रतिनिधित्वाचं रात्री लिहिते.

क्राकोकर:

ताई, १९९९ ची गोष्ट माहीत नव्हती. मी क्राकोव्हला दहा वर्षं आहे, म्हणून इकडचं सांगतो.

पोलंडमध्येही १६ प्रांत १९९९ मध्येच झाले, पण इथल्या प्रांताची सभा, सेइमिक म्हणतात तिला, लोक थेट मतदानाने निवडतात. सेइमिक प्रांताचा मार्शल निवडते आणि मार्शलचं ऑफिस हीच प्रादेशिक कार्यक्रमाची मॅनेजिंग ऑथॉरिटी. माझ्या मुलीच्या शाळेच्या दारावरच्या निळ्या फलकावर मावोपोल्स्का प्रांताचं नाव युरोपच्या झेंड्याच्या बरोबरीने आहे. रस्ता, बस, दवाखाना, सगळीकडे तो फलक. त्यामुळे पैसे कोण वाटतं हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि निवडणुकीत त्यावर भांडणंही होतात.

याची दुसरी बाजूही पाहिली. २०१९ मध्ये आमच्या सेइमिकने "एलजीबीटी विचारसरणी"च्या विरोधात ठराव केला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये कमिशनने अशा ठरावांच्या पाच प्रांतांना पत्र लिहून निधीबद्दलची बोलणी थांबवल्याचं कळवलं. त्याच महिन्याअखेर मावोपोल्स्काने ठराव मागे घेतला. माझ्या ऑफिसातले दोघे सहकारी तेव्हा हे शहर सोडायच्या विचारात होते, त्यांच्यासाठी ते पत्र फार मोलाचं होतं. निधी चालवणारी संस्था निवडून आलेली असेल तर तिला जाबही विचारता येतो, गावातूनही आणि ब्रसेल्समधूनही.

शॅननकाठी:

लिमरिकहून. ताईंच्या पैशाच्या माहितीबद्दल आभार, पण प्रतिनिधित्वाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कमिटी ऑफ द रीजन्स ही युरोपभरच्या प्रादेशिक आणि स्थानिक प्रतिनिधींची ब्रसेल्समधली समिती, तिच्यात ३२९ सदस्य. तिचं मत फक्त सल्ल्यापुरतं, कमिशनने ते बाजूला ठेवलं तरी चालतं. मेयोवासींनी त्यात एक संध्याकाळही घालवू नये. जे काही व्हायचं ते डब्लिनमधल्या मंत्रालयात होतं.

आणि एक शंका. पैसे आधी खर्च करून मग परत मिळतात असं ऐकलंय. सव्वाचार हजारांचं मंडळ ते कसं करणार?

हिशेबनीस ताई:

शॅननकाठी, तुमची शंका आधी घेते, कारण त्याच जागी लहान संस्था बुडतात.

हो, आधी खर्च, मग क्लेम, मग तपासणी, मग पैसे. पहिला क्लेम आणि खात्यात आलेली रक्कम यांच्यात सात महिने गेलेले मी पाहिलेत. थ्राईव्हसारख्या योजनेत हे ओझं कौन्सिल उचलतं, म्हणून तिथे मंडळाने पुढे होऊ नये असंच मी सांगेन. कौन्सिलच्या बिलांवर असेंब्लीची तपासणी, त्यावर स्वतंत्र ऑडिट ऑथॉरिटी, त्यावर कमिशनचे ऑडिटर, आणि लक्झेंबर्गचं युरोपियन ऑडिटर्स कोर्ट कधीही येऊ शकतं. एकाच कागदाला चार वेगवेगळे लोक हात लावतात.

आमच्या संस्थेत काय झालं ते सांगते. तरुणांच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प होता. काम उत्तम झालं, मुलं नोकरीला लागली. तीन वर्षांनी ऑडिट आलं. त्यांनी एका खरेदीच्या निविदेची जाहिरात मागितली. जाहिरात दिली होती, मी स्वतः पाहिली होती. पण वेबसाइट बदलली होती, आणि त्या पानाची प्रत फाइलमध्ये कुणी ठेवलेली नव्हती. १८,४०० युरो नामंजूर. कुणी एक पैसा खाल्ला नव्हता. संस्थेने ती रक्कम आपल्या शिलकीतून भरली आणि पुढच्या वर्षीचा मुलांचा वर्ग रद्द केला. त्या वर्गासाठी नाव दिलेल्या चौदा मुलांना फोन मी केले. तो दिवस मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच इथे एवढं लिहितेय.

आताच्या नियमांत याबाबतीत चांगला बदल आहे. ईआरडीएफचा प्रकल्प एकूण २ लाख युरोंपर्यंतचा असेल तर सहसा ठरलेल्या दरांनीच हिशेब करावा लागतो. म्हणजे, उदाहरणार्थ, पगाराचा खर्च सिद्ध करा आणि बाकी सगळ्यासाठी त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत सरसकट दर लावा. प्रत्येक पेनची पावती जपायची गरज नाही. पगाराचा तासाचा दर काढायला वर्षाचे १,७२० तास धरतात. हा आकडा माझ्या स्वप्नात यायचा. कागद मात्र शेवटचे पैसे मिळाले त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून पाच वर्षं ठेवायचे. आणि ५ लाखांवरच्या कामाला क्राकोकरांनी सांगितलाय तसा फलक लावावाच लागतो. तो लावला नाही तर मदतीतले ३ टक्क्यांपर्यंत कापू शकतात.

आता प्रतिनिधित्व. कमिटीचं मत सल्ल्यापुरतं, हे खरं आहे. तरीही मला तुमचं म्हणणं पटत नाही, कारण प्रतिनिधित्व म्हणजे फक्त ब्रसेल्समधली ती खुर्ची, असं धरून तुम्ही बोलताय.

आपल्या कार्यक्रमाची एक मॉनिटरिंग कमिटी असते. प्रकल्प कोणत्या निकषांवर निवडायचे ते ती मंजूर करते. तिच्यात सरकारी खाती असतात तशा सामाजिक आणि पर्यावरणाच्या संस्थांचे लोकही असतात, सदस्यांची यादी जाहीर असते, आणि मतदान होतं. कमिशनचा माणूस तिथे बसतो, पण सल्ला द्यायला. त्याला मत नसतं. म्हणजे निकषात एक ओळ बदलायची असेल तर बॅलाहाडरीनच्या बाजूच्या एखाद्या सामाजिक संस्थेच्या प्रतिनिधीच्या हातात मत आहे आणि ब्रसेल्सच्या अधिकाऱ्याच्या हातात नाही. मी अशा एका बैठकीला माहिती द्यायला गेले होते. ग्रामीण वाहतुकीबद्दल एका बाईंनी वीस मिनिटं प्रश्न विचारले आणि सगळ्यांना उत्तरं शोधावी लागली. ही जागा बहुतेकांना माहीतच नसते.

त्यानंतर असेंब्लीतले कौन्सिलर. मेयोवासी, तुमच्या कौन्सिलने पाठवलेला कुणीतरी तिथे बसतो, आणि तो तुम्हाला फूटबॉलच्या मैदानावर भेटतो.

त्यानंतर कमिटी ऑफ द रीजन्स. तिथे आयर्लंडचे नऊ सदस्य, सगळे कौन्सिलर, मुदत पाच वर्षं. युरोपियन पार्लमेंटचे खासदार वेगळे. मेयो ज्या मतदारसंघात येतं, मिडलंड्स-नॉर्थ-वेस्ट, तिथून पाच खासदार जातात. लोक या दोन्हींची फार गल्लत करतात. कायदा करण्यात खासदारांचा वाटा असतो, कमिटी फक्त मत देते. कमिटीचं मत घेणं मात्र काही विषयांत बंधनकारक आहे, प्रादेशिक निधी हा त्यातलाच, आणि आपल्याला विचारलंच नाही म्हणून ती युरोपच्या न्यायालयातही जाऊ शकते.

याशिवाय प्रदेशांची स्वतःची ऑफिसं ब्रसेल्समध्ये आहेत, सगळ्या युरोपची मिळून तीनशेच्या आसपास. जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्याचं पार्लमेंटच्या शेजारी, जुन्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या वास्तूत, बागेसकट. आयरिश प्रदेशांचं ऑफिस लहान आहे. बायर्नचा मंत्री तिथे जेवण देतो तेव्हा कमिशनर येतात. आपल्याकडचे दोन-तीन लोक दिवसभर बैठकांना बसून नोट्स घेतात आणि संध्याकाळी त्या इकडे पाठवतात. मला त्या नोट्सचा एकदा थेट उपयोग झाला. अटलांटिक किनाऱ्याच्या सहकार्य कार्यक्रमाची फेरी उघडणार असल्याचं त्यांच्याकडून तीन आठवडे आधी कळलं, म्हणून भागीदार शोधायला वेळ मिळाला. त्या कार्यक्रमाची मॅनेजिंग ऑथॉरिटी पोर्तुगालमध्ये, पोर्तोला आहे. स्लायगोची बिलं पोर्तोला पाठवायची! हेही प्रादेशिक कारभाराचंच एक रूप.

शेवटचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. जुलै २०२५ मध्ये कमिशनने २०२८ पासूनच्या बजेटचा प्रस्ताव मांडला. त्यात प्रादेशिक निधी आणि शेतीचा निधी एकत्र करून प्रत्येक देशाची एकच योजना करायची कल्पना आहे. तसं झालं तर निर्णयाची खुर्ची राजधानीकडे सरकेल अशी भीती अनेक प्रदेश बोलून दाखवताहेत, आणि मलाही तीच भीती आहे. शॅननकाठी, "सगळं डब्लिनला होतं" असं तुम्ही म्हणालात. आज ते पूर्ण खरं नाही. बॅलाहाडरीनच्या त्या चौकातल्या ऑफिसात क्लेम तीनदा परत पाठवणारी बाई आहे, जिला मेयोतलं गाव कुठे आहे ते ठाऊक आहे. ती तिथे राहावी म्हणून बोलायची वेळ हीच आहे, आणि बोलायचं ते आपल्या कौन्सिलरशी, खासदाराशी.

शॅननकाठी:

मॉनिटरिंग कमिटीचं मला खरंच माहीत नव्हतं. वॉटरफर्डच्या कार्यक्रमाची यादी शोधली, एका संस्थेचं नाव ओळखीचं निघालं. त्यांना लिहितो. कमिटी ऑफ द रीजन्सबद्दलचं मत अजून तेच आहे.

मेयोवासी:

ताई, सगळा प्रतिसाद भाषांतर करून मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला. बॅलाहाडरीनच्या फुटबॉल क्लबच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

काल हेरिटेज ऑफिसरशी बोललो. कोर्टाची इमारत त्यांच्या यादीत आहे, पण "गावाचा ठोस वापर कळलेला नाही" म्हणून मागे राहिलीय. त्यांनी मंडळाकडून पत्र मागितलंय. असेंब्लीवर आपल्या कौन्सिलने कुणाला पाठवलंय तेही कळलं. आमच्या खजिनदारबाईंचे चुलतभाऊ! पत्रात काय लिहू?

हिशेबनीस ताई:

विशेषणं नकोत. "गावाचा मानबिंदू" वगैरे प्रत्येक अर्जात असतं.

कोण, कधी, किती तास, ते लिहा. वाचनालय आठवड्यातून किती दिवस आणि कोण उघडणार. म्हाताऱ्यांचा गट आज कुठे भेटतो, किती जण येतात, तिथे जिने किती आहेत. ऑफिसं भाड्याने घ्यायला तयार असलेल्या दोघा-तिघांची स्वतंत्र पत्रं जोडा, ते भाडं किती देतील त्यासकट. किल्ली कुणाकडे राहील आणि पाचव्या वर्षी विजेचं बिल कोण भरेल हे लिहा, कारण शेवटचे पैसे मिळाल्यावर पाच वर्षं इमारतीचा वापर तोच राहिला पाहिजे अशी अट असते. मागच्या भिंतीतल्या पाण्याचे फोटो आत्ताच काढा, पुढचा पाऊस पडला की पुन्हा काढा.

चुलतभावांना पत्राची प्रत द्या, पण बैठकीत रीतसर, इतिवृत्तात नोंद करून. नात्यातून आलेला कागद असं पुढे कुणी म्हणायला नको.

मसुदा झाला की इथे टाका, मी वाचते. आणि पत्रावर तारीख घाला. मी पाहिलेल्या दर दहा पाठिंब्याच्या पत्रांत तीनांवर ती नसायची.